‘सक्तीचे नव्हते’ : विमान कंपन्यांची सुरक्षा-व्यवस्था कागदावर आणि प्रत्यक्षात



१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेले एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण, असे २६० लोक गेले. प्रवाशांमध्ये ५३ ब्रिटिश नागरिक होते. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्यातले बरेच जण मुंबई, डोंबिवली, बदलापूर, पनवेल अशा आपल्या रोजच्या बोलण्यातल्या गावांचे. आई-वडिलांना इकडे आणणे, दिवाळीला तिकडे जाणे, यासाठी आपण सगळेच या विमानांवर अवलंबून असतो. त्यामुळे ही बातमी परक्याची वाटलीच नाही.

त्यानंतर आपल्या गप्पांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर एकच वाद रंगला. चूक पायलटची की विमानाची? दोन्ही बाजूंना ठामपणे बोलणारे भेटतात. हा लेख त्या वादात पडत नाही. अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे, ते घरबसल्या होत नाही. मला वाटते आपण एक तिसरा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. तो असा : धोक्याची माहिती संस्थेपर्यंत आधी पोहोचली होती का, आणि पोहोचली असेल तर संस्थेने तिचे काय केले?

मी विमानतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर करतो. पण वरच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विमान उद्योगाने एक पूर्ण पद्धत तयार केली आहे आणि ती समजायला वैमानिक असण्याची गरज नाही. तिचे नाव ‘सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम’, म्हणजेच एसएमएस. (मोबाईलवरचा नव्हे!) मराठीत आपण तिला सुरक्षा-व्यवस्था म्हणू.

ही व्यवस्था म्हणजे नेमके काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०१३ मध्ये शिकागो कराराला १९ वे परिशिष्ट जोडले. ते फक्त सुरक्षा-व्यवस्थेबद्दल आहे. भारतात डीजीसीएने त्याच्याही आधी, २०१० मध्ये, यासाठी नियम काढले होते. विमान कंपनी, विमानतळ, हवाई वाहतूक नियंत्रण, विमानांची दुरुस्ती करणारी संस्था, वैमानिक प्रशिक्षण देणारी संस्था, या सगळ्यांना ही व्यवस्था लागते.

तिचे चार भाग आहेत. पहिला, धोरण : सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरलेले असले पाहिजे, आणि ती व्यक्ती पैसे खर्च करण्याचा अधिकार असलेली पाहिजे. दुसरा, जोखमीचे व्यवस्थापन : धोके शोधायचे, त्यांचे वजन करायचे, उपाय ठरवायचे. तिसरा, खात्री : ठरवलेले उपाय खरोखर चालतात का, ते तपासत राहायचे. चौथा, प्रसार : प्रशिक्षण द्यायचे आणि झाले-गेले सगळ्यांना सांगायचे.

यात धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत. पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यातली ओली पायरी हा धोका. त्या पायरीवरून दिवसातून किती जण उतरतात, त्यांत म्हातारी माणसे किती आणि पाय घसरला तर काय मोडेल, हा हिशेब म्हणजे जोखीम. धोका डोळ्यांना दिसतो. जोखीम मात्र कोणीतरी बसून काढावी लागते. आणि काढल्यावर, ‘ही आम्ही कमी करतो’ किंवा ‘ही आम्ही स्वीकारतो’ यांपैकी एका वाक्याखाली सही करावी लागते.

मँचेस्टरचे प्रा. जेम्स रीझन यांनी मांडलेली चीजच्या चकत्यांची उपमा या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. आपण अनारसे घेऊ. प्रत्येक अनारशाला जाळी असते, पण एकावर एक सहा अनारसे ठेवले तर पलीकडचा दिवा दिसत नाही. क्वचित कधीतरी सगळ्यांची भोके एका रेषेत येतात आणि उजेड आरपार जातो. अपघात असा होतो. तपासात बहुधा शेवटचा अनारसा सगळ्यांना दिसतो आणि तो बऱ्याचदा वैमानिकाचा असतो. सुरक्षा-व्यवस्थेचे काम आधीच्या पाच अनारशांची भोके वेळेवर मोजणे हे आहे.

इतके समजल्यावर वाटते, यात अवघड काय आहे? अवघड काय आहे, हे पाहायला विमानतळावर जायची गरज नाही. आपल्या कॅमडेनमध्येच पाहू.

किंग्ज क्रॉस : आगीला आग न म्हणणे

आपल्यापैकी कितीतरी जण रोज किंग्ज क्रॉसला गाडी बदलतात. तिथे १९८७ च्या आगीचा स्मृतिफलक आहे. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पिकॅडिली लाइनवरून वर येणाऱ्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. जळती काडी फटीतून खाली पडली आणि तिथे वर्षानुवर्षे साचलेल्या ग्रीस, धूळ आणि कचऱ्याने पेट घेतला. सुरुवातीला आग किरकोळ दिसत होती. पंधरा-वीस मिनिटांत ती तिकीट हॉलमध्ये उसळली आणि ३१ जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचा एक अधिकारीही होता.

डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यात १५७ शिफारशी होत्या. पण मला त्यातली एक छोटी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकत्या जिन्यांना त्याआधीही अनेकदा आग लागली होती. मात्र तिथल्या भाषेत तिला आग न म्हणता ‘धुमसणे’ म्हणत. इतक्या जुन्या जाळ्यात अधूनमधून असे होणारच, अशी समजूत होती. एका विभागाला कळलेले दुसऱ्या विभागापर्यंत जात नसे. धूम्रपानाला भुयारी स्थानकांत १९८५ पासून बंदी होती, पण बाहेर पडताना जिन्यावरच सिगारेट पेटवणारे लोक होतेच.

म्हणजे माहिती होती. नियमही होता. फक्त घटनेला जे नाव दिले होते, त्या नावामुळे ती कोणत्याच वरिष्ठाच्या टेबलावर जाण्याइतकी मोठी वाटत नव्हती.

पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९८८ रोजी, उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलविहिरीच्या फलाटावर १६७ जण गेले. त्या चौकशीतून या देशात तेल उद्योगाला लेखी सुरक्षा-व्यवस्था सक्तीची झाली. विमान उद्योगाने हा विचार नंतर आपलासा केला. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे, सीएएचे, मुख्य कार्यालय २०१९ पर्यंत किंग्जवेवर होते, म्हणजे आपल्याच बरोमध्ये आणि किंग्ज क्रॉसपासून दोन ट्यूब स्थानकांवर. इतक्या जवळचा धडा आहे हा!

औरंगाबाद : सर्वांना दिसणारा, कोणाच्याच वहीत नसलेला रस्ता

आता महाराष्ट्रात येऊ. २६ एप्रिल १९९३. औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अगदी टोकाला जमिनीवरून उठले. धावपट्टीच्या पलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. विमानाची चाके त्या ट्रकवर आदळली. पुढे विमान विजेच्या तारांना अडकून पडले. ११८ पैकी ५५ जण गेले.

चौकशीत दोन कारणे आली. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले, हे एक. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही, हे दुसरे.

आपल्याकडे या अपघाताची आठवण ‘विमान ट्रकला धडकले’ अशी गमतीदार वाटणारी राहिली आहे. पण विचार करा. तो रस्ता लपलेला नव्हता. त्या धावपट्टीवरून उडणारा प्रत्येक वैमानिक, टॉवरमधला प्रत्येक माणूस आणि बीडकडे जाणारा प्रत्येक ट्रकचालक तो पाहत होता. धोका सर्वांना दिसत होता. जोखमीचा हिशेब मात्र त्या दिवशी कोणाच्या कामाचा भाग झाला नाही. वैमानिक म्हणणार रस्ता विमानतळाचा, विमानतळ म्हणणार रस्ता सरकारचा, सरकार म्हणणार विमान कंपनीचे.

आजची सुरक्षा-व्यवस्था नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवते. दोन संस्थांच्या हद्दीवर असलेला धोका दोघांच्याही नोंदवहीत हवा आणि त्यापुढे एक नाव हवे.

कोझिकोड : वैमानिकाच्या मागे उभे असलेले वेळापत्रक

७ ऑगस्ट २०२० ची रात्र अनेकांना आठवत असेल. ‘वंदे भारत’ मोहिमेत दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोझिकोडच्या पठारावरच्या धावपट्टीवरून पावसात पुढे घसरून खाली कोसळले. २१ जण गेले. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते, नागपूरशी नाते असलेले, हवाई दलात सेवा केलेले अनुभवी वैमानिक.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या तपास अहवालाने ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण सांगितले. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले होते आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती. पण अहवाल तिथे थांबला नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असेही त्यात म्हटले. कोझिकोडला कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही त्यांनाच करायचे होते, त्यामुळे विमान दुसरीकडे न वळवता तिथेच उतरवण्याचा ओढा होता. शिवाय त्यांच्या बाजूच्या काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता.

वैमानिकाला निर्दोष ठरवण्यासाठी हे सांगत नाही. कोणाला कुठे नेमायचे आणि वेळापत्रक किती ताणायचे, हे कॉकपिटमध्ये ठरत नाही, इतकेच म्हणायचे आहे. ते कार्यालयात, एक्सेलच्या तक्त्यात ठरते. तिथेही सुरक्षेचा निर्णय होत असतो, पण तो निर्णय घेणाऱ्याला तसे वाटत नाही.

हीच गोष्ट आपण अलीकडे मोठ्या प्रमाणावर पाहिली. वैमानिकांच्या थकव्यासाठीचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा, असे त्याचे स्वरूप. अंमल पुढे ढकलला गेला आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर २०२५ असा दोन टप्प्यांत झाला. तयारीला इतका वेळ मिळूनही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि लोक विमानतळांवर सामानासकट अडकले. मग त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. बदल येणार हे माहीत असताना त्याची तयारी करणे, हासुद्धा सुरक्षा-व्यवस्थेचा लेखी भाग आहे. वेळापत्रक आणि विश्रांती यांच्यात ओढाताण झाली, की पहिल्यांदा विश्रांतीला कात्री लागते, हे पुन्हा दिसले.

२०१८ चे दोन कागद

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २०१८ साली दोन वेगवेगळ्या देशांत दोन कागद तयार झाले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला कागद जुलै २०१८ चा. हीथ्रोजवळच्या नॉर्थ हाइड वीज उपकेंद्रातल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना तपासला गेला आणि त्याच्या एका भागात ओलावा वाढल्याचे आढळले. संबंधित वीज कंपनीच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा आकडा आला, की तो भाग बदलायला हवा. तो बदलला गेला नाही. २० मार्च २०२५ च्या रात्री त्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि २१ मार्चला हीथ्रो बंद पडला. जवळपास १,३०० उड्डाणांना फटका बसला आणि अडीच लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. जुलै २०२५ मधल्या अहवालात हा सात वर्षांपूर्वीचा नमुना समोर आला.

दुसरा कागद डिसेंबर २०१८ चा. अमेरिकेच्या एफएएने एक माहितीपत्रक काढले. बोइंगच्या काही विमानांत इंजिनाच्या इंधन-स्विचचे लॉक निसटलेले आढळले होते, तेव्हा ते तपासून घ्यावे, अशी त्यात शिफारस होती. ही असुरक्षित स्थिती नाही, असे एफएएचे मत होते. त्यामुळे पत्रक सल्ल्यापुरतेच होते, आदेश नव्हता.

अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ रोजी आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असे त्यात नोंदवले आहे. त्याच अहवालात २०१८ च्या पत्रकाचाही उल्लेख आहे. एअर इंडियाने दिलेल्या माहितीनुसार ती तपासणी केली नव्हती, कारण ती सक्तीची नव्हती.

इथे अत्यंत काळजीपूर्वक बोलले पाहिजे. त्या पत्रकाचा आणि अपघाताचा संबंध आहे, असे प्राथमिक अहवाल म्हणत नाही. २०२३ नंतर त्या विमानाच्या इंधन-स्विचबद्दल एकही तक्रार नोंदलेली नव्हती, असेही तो सांगतो. नंतर डीजीसीएने तपासणी सक्तीची केली, तेव्हा एअर इंडियाने आपल्या सर्व ७८७ आणि ७३७ विमानांचे स्विच तपासले आणि दोष आढळला नाही, असे जाहीर केले. म्हणून या कागदावरून कोणावर खापर फोडणे अन्यायाचे होईल.

तरीही ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘सक्तीचे नव्हते.’

नियम पाळणे आणि सुरक्षा सांभाळणे यांत जो फरक आहे, तो या दोन शब्दांत आहे. जे सक्तीचे आहे ते करायला सुरक्षा-व्यवस्था लागतच नाही, त्याला नियमांची यादी आणि टिक मारणारा कारकून पुरतो. जे सक्तीचे नाही त्याचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी ती व्यवस्था असते. सल्ला आला, त्याचे वजन केले, आपल्या विमानांना तो लागू आहे का ते पाहिले आणि ‘करायचे’ किंवा ‘या कारणासाठी करायचे नाही’ असे लिहून सही केली, तर व्यवस्था चालली. ‘करायचे नाही’ हा निर्णयसुद्धा योग्य असू शकतो. पण सक्ती नाही म्हणून विषयच बंद झाला, तर तिथे निर्णय झालेलाच नसतो.

नॉर्थ हाइडच्या तेलाचा नमुना आणि किंग्ज क्रॉसचे ‘धुमसणे’ हे त्याच जातीचे आहेत. माहिती मिळाली, कागदावर आली, आणि तिथेच थांबली.

खाली माहीत असलेले वर कसे पोहोचते?

जगातली कोणतीही नोंदवही आपोआप भरत नाही. नट सैल आहे हे मेकॅनिकला माहीत असते. वैमानिक पेंगतो आहे हे सहवैमानिकाला माहीत असते. त्याने सांगितले तर त्याचे काय होते, यावर सगळी व्यवस्था उभी असते.

ब्रिटनमध्ये १९८२ पासून ‘चर्प’ नावाची गोपनीय पद्धत आहे. वैमानिक, अभियंते, केबिन क्रू, नियंत्रक तिथे नाव गुप्त ठेवून घटना कळवू शकतात आणि त्यातले धडे सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतात. युरोपच्या २०१४ च्या नियमाने न्याय्य वागणुकीचे तत्त्व कायद्यात आणले आणि ब्रेग्झिटनंतरही ते ब्रिटिश कायद्यात राहिले. प्रशिक्षण आणि अनुभव यांना धरून प्रामाणिकपणे काम करताना चूक झाली, तर शिक्षा नाही. जाणूनबुजून नियम मोडला किंवा घोर निष्काळजीपणा केला, तर शिक्षा आहे. असे ते तत्त्व.

ऐकायला सोपे, पण करायला कठीण आहे. जून २०२५ मधलेच उदाहरण घ्या. वैमानिकांच्या ड्यूटी लावताना परवाने, विश्रांती आणि अलीकडचा उड्डाण-अनुभव यांचे नियम वारंवार मोडले गेले, म्हणून डीजीसीएने एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना त्या कामावरून दूर करण्याचा आदेश दिला. बंगळुरूहून लंडनला आलेल्या दोन उड्डाणांत वैमानिकांची दहा तासांची मर्यादा ओलांडल्याबद्दलही नोटीस निघाली. कारवाई योग्यच वाटते, नाही का? पण त्या आदेशात एक तपशील आहे. ड्यूटीचे घोळ एअर इंडियाने स्वतःहून उघड केले होते. जुन्या ‘आर्म्स’ प्रणालीवरून नव्या ‘सीएई’ प्रणालीवर गेल्यानंतर जो आढावा घेतला, त्यात ते सापडले होते.

आपल्यातले सॉफ्टवेअरवाले इथे हसतील. नवीन प्रणालीवर डेटा नेला, की जुन्या घरातले कपाट हलवल्यावर मागे जे सापडते, ते सगळे सापडते! कपाटामागचे सांगितल्यावर तीन जणांना दूर केले, तर पुढच्या वेळी कपाट कोण हलवेल? उलट बाजूही तितकीच खरी आहे. घोळ एकदाच झालेला नव्हता, वारंवार झाला होता, आणि थकलेला वैमानिक आपल्यालाच घेऊन उडत असतो. प्रामाणिक चूक आणि पडलेली सवय यांत फरक करावाच लागेल. तो फरक कोण करणार, कोणत्या निकषावर, आणि वरच्या मोठ्या साहेबालाही तोच निकष लागू होणार का, हे आधी ठरलेले असले, तरच खालचा माणूस बोलतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. वयाने आणि पदाने मोठ्या माणसाला ‘सर, हे चुकते आहे’ असे म्हणणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. कोझिकोडला सहवैमानिक बोलला होता. केवळ बोलण्याचे प्रशिक्षण देऊन भागत नाही, ऐकण्याचेही द्यावे लागते.

व्यवस्था जिवंत आहे, हे कसे ओळखायचे?

भिंतीवरची ‘सुरक्षा प्रथम’ ही पाटी आणि कपाटातली जाडजूड पुस्तिका यावरून काहीच कळत नाही. एखाद्या संस्थेची परीक्षा घ्यायची असेल, तर मी हे पाच प्रश्न विचारीन :

१. कर्मचाऱ्यांकडून येणाऱ्या नोंदी वाढत आहेत की घटत आहेत? (नोंदी वाढल्या म्हणजे सहसा विश्वास वाढला. शून्य नोंदी असलेली कंपनी सर्वांत घाबरवणारी!)
२. नोंद करणाऱ्याला उत्तर मिळते का, आणि किती दिवसांत?
३. सक्तीचा नसलेला सल्ला आला तर त्यावर कोणाची सही होते?
४. दुसऱ्या संस्थेच्या हद्दीवर असलेल्या धोक्यापुढे कोणाचे नाव आहे?
५. सुरक्षेसाठी एखादे उड्डाण रद्द केले, तर ते करणाऱ्याच्या पाठीशी वरिष्ठ उभे राहतात का?

हे प्रश्न आता महाराष्ट्रासाठी तातडीचे आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. नव्या विमानतळाला जुन्या सवयी नसतात, ही मोठी संधी आहे. पण तिथे येणाऱ्या कंपन्या, कंत्राटदार, बस आणि सामानाच्या गाड्या चालवणारे हे सगळे आपापल्या सवयी घेऊन येतात. नव्या मुंबईच्या नोंदवहीचे पहिले पान कसे भरले जाते, त्यावर पुढची अनेक वर्षे ठरतील. ‘इथे असे चालतेच’ हे वाक्य एकदा रुळले, की ते काढायला चौकशी समिती लागते.

आणि आपण?

प्रवासी म्हणून आपल्या हातात फार थोडे असते, पण अगदीच काही नाही असेही नाही. तांत्रिक कारणाने किंवा क्रूची ड्यूटी संपल्यामुळे विमान सुटले नाही, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडणारे आपणच असतो. त्या ओरडण्याचा दाब वर जातो आणि पुढच्या वेळी निर्णय घेणाऱ्याच्या मानगुटीवर बसतो. नुकसानभरपाई जरूर मागा, तो हक्क आहे. पण ‘कसेही करून उडवा’ असे म्हणू नका. अपघातानंतर आलेला ‘आतल्या गोटातला’ व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी मूळ अहवाल वाचा. भारताचे आणि ब्रिटनचेही अपघात तपास अहवाल सर्वांसाठी खुले असतात आणि ते आपल्याला वाटतात तितके अवघड नसतात.

शेवटी, आपल्यातले बरेच जण बँकांत, एनएचएसमध्ये, रेल्वेत, आयटीत काम करतात. तिथेही असे सल्ले येतात. ‘हे एकदा बघून घ्या, सक्तीचे नाही.’ ती ईमेल बंद करण्यापूर्वी ‘बघितले, आणि या कारणासाठी करत नाही’ इतके एक वाक्य नावासकट लिहून ठेवले, तरी सुरक्षा-व्यवस्थेचा निम्मा भाग झाला. हे काम छोटे आहे आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. पण किंग्ज क्रॉसला, औरंगाबादला आणि नॉर्थ हाइडला नेमके तेवढेच राहून गेले होते.

आपली मते जरूर कळवा. विमान क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे कोणी सभासद असतील, तर त्यांनी यात भर घातली तर सर्वांनाच आवडेल.



– एक सभासद, कॅमडेन